रिकामं असलं तरी

“चुकलं माझं. दार वाजवून यायला हवं होतं,” बायको म्हणाली, आणि त्याने नुसतं “हं” केलं.

झालं एवढंच. रविवारची सकाळ, खिडकीतून येणारं स्वच्छ ऊन, टेबलावर अंथरलेलं जाड फडकं, त्यावर तेलाची कुपी आणि कापसाचे बोळे. दुपारी जुनी पिस्तुलं जमवणाऱ्यांच्या मंडळाची बैठक त्याच्याकडे होती, म्हणून तो कपाटातली पिस्तुलं एकेक करून काढत होता आणि पुसून ठेवत होता. हातात होतं ते घोडदळाचं, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज फौजेतलं, चकमकीच्या ठिणगीवर उडणारं. नळी सरळ आहे ना हे बघायला त्याने हात लांब केला, एक डोळा मिटला आणि दाराच्या मुठीवर नेम धरला. तेवढ्यात दार उघडलं आणि मुठीच्या जागी बायको आली. तिच्या हातात धुऊन घडी केलेल्या कपड्यांची चवड होती. ती किंचाळली नाही, ‘अहो, हे काय’ असंही म्हणाली नाही. तिने फक्त ती चवड छातीपासून वर, तोंडापर्यंत उचलली, जसे काही दोन टॉवेल आणि चार बनियनं शिशाची गोळी अडवणार होती, आणि त्या चवडीमागून म्हणाली की चुकलं माझं. मग कपडे खुर्चीवर ठेवले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि गेली.

आधी त्याला वाईट वाटलं ते नियमाचं. मंडळात नियम आणला होता त्यानेच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो घोकून घ्यायचाही तोच: रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. माणसावर रोखायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. दुसऱ्याच्या हातात देताना मुठीकडून द्यायचं, घोडा ओढायच्या आधी मालकाला विचारायचं, लोखंडाला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. एकदा मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांनी गंमत म्हणून कोणावर तरी पिस्तूल रोखलं तेव्हा याने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं आणि पुढचा तासभर त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. बिचारे डॉक्टर, रोज दहा-वीस लोकांना तोंड उघडायला लावणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचंच तोंड बंद झालं होतं. आणि आज हे. पण त्याला तसा अर्थ नाही, त्याने स्वतःला सांगितलं. पिस्तुलात चकमकसुद्धा नव्हती. चकमकीच्या जागी त्याने स्वतःच तासलेला लाकडाचा तुकडा होता. नळीत दोन शतकांची हवा सोडली तर काही नव्हतं. शिवाय मी ते लगेच खाली केलं. लगेच. हे त्याने दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचं त्यालाच ते कोर्टात दिलेल्या जबानीसारखं वाटलं.

पण घशात अडकलं होतं ते नियमाचं हाड नव्हतं. अडकला होता तो ‘हं’. नेम मी धरला, दचकली ती, माफी तिने मागितली आणि मी ती मोठ्या मनाने घेतली. वर पुन्हा पिस्तूल पुसायला लागलो. आपण दुसरं काय म्हणू शकलो असतो याची त्याने यादीच केली. ‘अगं अगं, लागलं का?’ छे, लागणार काय? ‘घाबरलीस का गं?’ हे जमलं असतं. नुसतं ‘अरे देवा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून आपसूक निघाला तो ‘हं’, आणि तो कुठून आला हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो ऑफिसातून आला होता. तो वजनमापे निरीक्षक होता. बाजारपेठेत शिरला की एका टोकाला सुरू झालेली कुजबुज त्याच्याआधी दुसऱ्या टोकाला पोचायची. तो तराजूची दांडी बघायचा, वजनं उलटी करून तळाचा ठसा बघायचा, ठसा झिजलेला असला की मान वर न करता लिहायला लागायचा. दुकानदार म्हणायचा, “चुकलं साहेब, एवढ्या वेळी...” आणि तो म्हणायचा, “हं.” त्यात राग नसायचा, दमदाटी नसायची. कुणाचा चहा त्याने घेतला नाही, कुणावर आवाज चढवला नाही. असा सरळ अधिकारी झाला नाही असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि बहुधा पाठीमागेही. त्या ‘हं’चा त्याला अभिमान होता, खोटं कशाला बोला. एवढ्याशा हुंकारात समोरचा माणूस गप्प होतो, याला हातात काही धरावं लागत नाही.

हातात धरायची वस्तू त्याला मिळाली तीही त्या नोकरीतच. एका रद्दीवाल्याच्या दुकानात तराजूच्या पारड्यात, वजनाच्या जागी, एक पिस्तूल ठेवलेलं होतं. वर्तमानपत्रं एका पारड्यात, पिस्तूल दुसऱ्या पारड्यात! “बरोब्बर भरतं साहेब, किती वर्षं झाली, एका माणसाची तक्रार नाही,” रद्दीवाला म्हणाला होता. कायद्याने ते बेकायदा वजन होतं. उचलून बघितलं तर लोखंडावर मुकुट, मुकुटाखाली राजाच्या नावाची दोन अक्षरं आणि शेजारी तपासणीचा बारीक ठसा. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी थंड कारखान्यात त्याच्यासारखाच एक निरीक्षक बसला होता, आणि त्याने ही नळी तपासून, हं म्हणून, ठसा मारला होता. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने रद्दीवाल्याला ताकीद दिली, दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि साध्या कपड्यांत जाऊन ते विकत आणलं, कारण ड्युटीवर असताना घेतलं तर कुणी काही म्हणायला नको. इतका तो चोख. पुढे घोडदळाची आली, आरमाराची आली, भालाइतांची आली. घोडदळाच्या पिस्तुलाचा गोळी ठासायचा गज नळीलाच बिजागरीने जोडलेला असतो, दौडत्या घोड्यावर शिपायाच्या हातून पडू नये म्हणून. हे तो सांगायला लागला की त्याचा चेहरा निराळा दिसायचा, लहान मुलासारखा. ‘ही हत्यारं नाहीत, कारागिरी आहे,’ असं तो पाहुण्यांना ठासून सांगायचा. मारामारीचं मला अगदी वावडं आहे, असंही. आणि ते खरं होतं; उंदीर मारायचा तरी तो जिन्याखालच्या वॉचमनला हाक मारायचा.

मग तिने ती चवड वर का उचलली? दचकलं माणूस तर मागे सरतं, ओरडतं, नाहीतर हसून शिवी घालतं. तिने जे केलं ते दचकणं नव्हतं. त्यात सराव होता. आणि तिचं ते ‘चुकलं माझं’! तो आवाज त्याने आधी कुठेतरी ऐकला होता, बाजारपेठेच्याही आधी. फडकं हातात तसंच धरून तो आठवत बसला, आणि आठवलं तेव्हा त्याचे कान तापले. तो आवाज त्याच्या वडिलांचा होता. वडील टपालखात्यात कारकून. राहायचे भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि जिन्यात घरमालक भेटला की भिंतीला चिकटून वाट द्यायचे. एकदा घरमालकाचाच धक्का लागून वडिलांच्या हातातली दुधाची बाटली फुटली. जिन्यावरून पांढरा ओघळ खाली जात होता, आणि वडील म्हणाले, “चुकलं माझं, मी बघायला हवं होतं.” घरमालक काय म्हणाला? काही नाही म्हणाला. काचा ओलांडून वर गेला. हा सहा-सात वर्षांचा, वडिलांचं बोट धरलेला. ते बोट त्याने तिथल्या तिथे सोडून दिलं. पुढे सगळं आयुष्य त्याला घरमालकाचा राग यायला हवा होता, पण आला तो वडिलांचा. आपल्या घरात असं कुणी बोलणार नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. म्हणे कशाला, ठरवलंच होतं. आणि आज त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या कर्जाने घेतलेल्या, स्वतःच्या नावाची पाटी लावलेल्या घरात, अगदी तेच शब्द उमटले होते, आणि या वेळी काचा ओलांडून जाणारा तो होता.

तो उठला. सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. सोपं आहे: चूक माझी होती. तीन शब्द, कुठलाही शहाणा माणूस दिवसातून दहादा म्हणतो. स्वयंपाकघरात ती दुपारच्या पाहुण्यांसाठी पावाला लोणी लावत होती. सुरी पावाच्या कडेपर्यंत नीट फिरवत होती, कारण कडा कोरड्या राहिलेल्या त्याला चालत नसत. तो दारात उभा राहिला. त्याच्या चपलेचा आवाज आला मात्र, तिने रेडिओ बारीक केला. त्याने काही म्हटलं नव्हतं. रेडिओवर कुणीतरी बाई हवामान सांगत होती, तिला गप्प करायची काही गरज नव्हती. “काही हवंय?” तिने विचारलं. “पाणी,” तो म्हणाला. तिने हात पुसून पेला भरून दिला. तो पाणी प्यायला. तहान नव्हती तरी सगळं प्यायला, आणि पेला परत देताना त्याच्या लक्षात आलं की आपण ओट्यावरून, डब्यांवरून, पावाच्या चळतीवरून नजर फिरवतोय, अगदी बाजारात फिरवतो तशी. “आणखी?” “नको.” तो खोलीत परतला. संध्याकाळच्या आत सांगायचं, त्याने स्वतःला बजावलं. पाहुणे गेले की निवांत.

रेडिओ बारीक करायची ही पद्धत घरात कधी सुरू झाली, हे त्याला सांगता आलं नसतं. मुलगी लहान होती तेव्हापासून ‘बाबा खोलीत आहेत’ एवढं वाक्य पुरे असे. त्याचा अर्थ टीव्ही बंद, खेळणी गादीवर, फोन आला तर दबक्या आवाजात. त्याने कधी असा हुकूम काढला नव्हता. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी माहेरी आली की अजूनही नवऱ्याला ओठांवर बोट ठेवून खोलीच्या दाराकडे खूण करायची, आणि तो जावई, चांगला सहा फुटी गडी, चवड्यांवर चालायचा. हे बघून त्याला गंमत वाटे, थोडं बरंही वाटे. घराला वळण आहे, असं तो समजे. त्याने कुणावर हात उगारला नव्हता, बायकोला आयुष्यात अगं मूर्ख म्हटलं नव्हतं. तो फक्त बोलायचा बंद होई. एखादी वस्तू हलली, एखादं कपाट नीट लागलं नाही की तो आत जाई आणि दार लावून घेई, आणि मग घरात जे काही पसरे त्याला त्याच्या मते शांतता म्हणत.

सगळ्यात मोठी शांतता पसरली होती ती लिंबू-मिठाच्या वेळी. आणि लिंबू-मिठाचं नाव मनात आलं तसा तो खुर्चीत चुळबुळला, कारण तो तर मंडळाचा लाडका किस्सा होता. तो दौऱ्यावर गेलेला असताना, परतायच्या दिवशी त्याचा वाढदिवस येत होता म्हणून, बायकोने कपाटातलं आरमाराचं पिस्तूल काढलं. त्याच्या मुठीला पितळेची टोपी होती, काळवंडलेली. नळी तपकिरी पडलेली. तिला वाटलं, एवढी जीव लावून जपलेली वस्तू अशी कळकट का? तिने ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, लिंबू कापलं, मीठ घेतलं आणि दुपारभर बसून घासलं. जुन्या हत्याराचा तो काळसरपणा म्हणजेच त्याचं वय, तेच तर जपायचं असतं. तो गेला की उरतं ते नुसतं पितळ आणि लोखंड. हे तिला कोण सांगणार? तिला या खोलीत पुसायला ये म्हणून कुणी बोलावलं नव्हतं आणि शिकायला ये म्हणूनही नाही. पितळेच्या टोपीवर कुण्या खलाशाने टोकदार कशानेतरी दोन अक्षरं ओरखडली होती, स्वतःच्या नावाची असतील. ती अक्षरं मिठाने पार पुसून गेली. तो घरी आला तेव्हा तिने पिस्तूल टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांवर आणलं. “डोळे मिटा,” म्हणाली. त्याने मिटले. “आता उघडा.” तिचा चेहरा त्या वेळी कसा होता? आज, या खुर्चीत बसून, त्याने पहिल्यांदा तो आठवायचा प्रयत्न केला. टोपीचा लखलखाट आठवला, पुसलेल्या अक्षरांची जागा आठवली, टॉवेलाचा निळा काठ आठवला. चेहरा आठवेना. त्याने तिकडे पाहिलंच नसावं. त्याने विचारलं, “कशाने?” ती म्हणाली, “लिंबू-मीठ.” आणि तो खोलीत गेला. वाढदिवसाचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच दुसऱ्या दिवशी टाकून द्यावं लागलं. तो पुष्कळ दिवस बोलला नाही. मग मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, हे असं नवं कोरं कसं दिसतंय, आणि त्याला अचानक थट्टा सुचली. सगळे हसले. चहा घेऊन आलेली बायकोही हसली. इतकी हसली की ट्रे खाली ठेवावा लागला. तेव्हा त्याला वाटलं होतं, बघा, किती खिलाडू वृत्तीची आहे. नवऱ्याचं तोंड इतक्या दिवसांनी उघडलं म्हणून जीव भांड्यात पडलेल्या बाईचं हसू कसं असतं, हे त्याला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. आज मात्र कळलं. तेव्हापासून दरेक नव्या सभासदाला तो किस्सा सांगितला जाई, आणि दर खेपेला तो थोडा थोडा फुगत गेला. शेवटी तर त्याने एक वाक्यच चिकटवून दिलं. ‘वर ही मला विचारते, अहो, भांड्यांची पावडर लावली असती तर आणखी चमकलं असतं का हो?’ बारीक, भोळसट आवाज काढून. हे ती कधीच म्हणाली नव्हती. पण सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळे.

ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं होतं. समोरचं दार बंद होतं, मूठ आपल्या जागी होती. त्याने घोडदळाचं पिस्तूल पुन्हा उचललं, हात लांब केला, आणि सकाळी काय झालं ते आता नीट, न घाई करता बघितलं. मी लगेच खाली केलं, हे खरं नव्हतं. दार उघडलं. नळीच्या टोकावर तिच्या गळ्याची खळी आली, मग कपड्यांची चवड वर आली. आणि त्याने पिस्तूल धरून ठेवलं. फार नाही, एक श्वास घ्यावा इतकं. त्या श्वासात तो दचकलेला नव्हता, गोंधळलेला नव्हता. त्याला छान वाटत होतं. हात स्थिर होता, मन स्थिर होतं, समोरचं माणूस आपोआप जागच्या जागी थांबलं होतं आणि जिन्यावर कुणाचंही दूध सांडत नव्हतं. इतकी वर्षं तो ठसे जमवत होता, बिजागऱ्या जमवत होता, कारागिरी जमवत होता. आणि खरं पाहता तो हा एक श्वास जमवत होता. त्याने पिस्तूल फडक्यावर ठेवलं. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, उघडी लाज, तोंड लपवायला जागा शोधणारी. खोलीत कुणी नव्हतं तरी त्याने तळहाताने चेहरा झाकला. तळहाताला तेलाचा वास येत होता.

दुपारी मंडळ आलं. मंडळ म्हणजे चार डोकी: दातांचे डॉक्टर, एक घड्याळजी, ‘कर्नल’ आणि आज पहिल्यांदाच आलेला औषधाच्या दुकानाचा मालक. कर्नल फौजेत कधी नव्हते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते, पण मिशी अशी होती की पदवी मिळाल्यावाचून राहिली नाही. हातमोजे वाटले गेले, पिस्तुलं मुठीकडून या हातातून त्या हातात गेली, घड्याळजी भिंगातून ठसे बघून चुकचुकला. नियम सांगायचं काम नेहमी त्याचं, आज त्याने तोंडच उघडलं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितला. नवा सभासद हुशार होता. प्रश्न बरे विचारत होता. आरमाराचं पिस्तूल त्याच्या हातात आलं तसं त्याने विचारलं, “हे एकच इतकं स्वच्छ कसं काय?” आणि कर्नलांनी मांडीवर थाप मारली.

“आला! प्रश्न आला! सांगा, सांगा, वहिनींचा किस्सा सांगा.”

“राहू द्या आज,” तो म्हणाला.

“राहू द्या काय? नवा माणूस आहे. दीक्षा नको का त्याला?”

“नेहमीचंच आहे ते.”

“अहो, नेहमीचंच आहे म्हणून तर!”

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, ओठांवर हसू तयार ठेवून. त्याला वाटलं, आता नाही म्हणायचं, ठाम. मग वाटलं, ठाम नाही म्हटलं तर सगळे विचारतील का, आणि काय सांगणार? “एकदा मी दौऱ्यावर होतो,” त्याने सुरुवात केली. पुढचं वाक्य जिभेवर होतं, पाठ होतं. ते येईना. तो कपाटाकडे बघत राहिला. डॉक्टर खाकरले. घड्याळजीने भिंग खिशात ठेवून पुन्हा बाहेर काढलं. शांतता लांबत गेली, आणि ती कुठल्या जातीची शांतता आहे हे त्या खोलीत एका माणसाला बरोबर ओळखता येत होतं.

“मी सांगते,” बायको म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, त्याच्याच शब्दांत. ‘दौऱ्यावरून दमून आलोय, दारात पाऊल टाकतोय’ इथे तो जसा थांबायचा तशी थांबली. ‘डोळे मिटा’ म्हणताना तो मान कशी वाकडी करायचा, तशी तिने केली. लिंबू कसं पिळलं, मीठ कसं चोळलं, शंभर-दोनशे वर्षं मोरीतून कशी वाहून गेली, सगळं. नवा सभासद हसून हसून डोळे पुसायला लागला. आणि शेवटी ती म्हणाली, “वर मी यांना विचारते, अहो, भांड्यांची पावडर लावली असती तर आणखी चमकलं असतं का हो?” बारीक, भोळसट आवाजात. तिचा आवाज खरं तर जाड होता. तो बारीक आवाज काढायचा तो, तिच्या नावाने; आणि आता ती स्वतःची नक्कल त्याच्यावरून करत होती. कर्नल टाळ्या वाजवत म्हणाले, “वहिनी, तुम्ही यांच्यापेक्षा छान सांगता!” तोही हसला. सगळे त्याच्याकडे बघत होते. हसणं भाग होतं. हसताना त्याला वाटलं, आत्ता जमीन दुभंगेल तर बरं. ती काही दुभंगली नाही. चहा झाला, पाव संपले, कडांसकट.

मंडळी गेल्यावर ती कपबश्या विसळत होती. तो फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. तिने नवलाने त्याच्याकडे बघितलं, मग एक कप त्याच्या हातात दिला. त्याने तो पुसला.

“तू का सांगितलंस?” त्याने विचारलं.

“तुम्ही अडकलात. म्हटलं, आपण पुरं करावं.” तिने नळ थोडा बंद केला. “नीट नाही झालं का?”

“नीटच झालं.”

“मग?”

“ते शेवटचं. पावडरचं. ते तू म्हणालीच नव्हतीस.”

“कधी?”

“तेव्हा. ते माझं आहे, मी घातलेलं. पदरचं.”

तिने बशी हातात धरून आठवायचा खरोखरच प्रयत्न केला. “असं होय?” ती म्हणाली. “मला वाटलं, म्हटलं असेन मी. मला तेव्हा काही कळतच नव्हतं ना त्यातलं.”

त्याने दुसरा कप पुसला. कप कोरडा झाला तरी पुसत राहिला.

“मी अडकलो तर अडकू द्यायचं,” तो म्हणाला.

“आणि लोक गेल्यावर?”

“लोक गेल्यावर काय?”

तिने हातातली बशी नळाखाली धरली.

“लोक गेल्यावर काय गं? मी कधी ओरडलोय तुझ्यावर?”

“नाही हो. कधीच नाही.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, एखाद्या खोलीचं मोजमाप सांगावं तसं ती सांगत होती. “ओरडला असतात तर ते कधीतरी संपलं तरी असतं. तुमचं गप्प बसणं संपलं की नाही, तेच कळत नाही. मग मी बघत बसते. जेवलात का, पेपर उलगडलात का, चप्पल कशी वाजतेय.” मग ती जरा हसली. “जाऊ दे. आज छान झालं सगळं. तो नवा माणूस पुन्हा येणार बघा.”

हीच वेळ होती. याहून चांगली येणार नव्हती. त्याने फडकं ओट्यावर ठेवलं. छातीत धडधडत होतं. इतकं धडधडायला समोर काय तोफ होती? साठीकडे झुकलेली, हात ओले असलेली एक बाई होती.

“माझं चुकलं,” तो म्हणाला.

तिने नळ बंद केला. वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग डोळ्यांत बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“काय होतंय तुम्हाला?” तिने विचारलं. “सकाळपासून बघतेय मी. मधेच येऊन पाणी काय प्यालात, बोलता बोलता अडकलात काय. चक्कर येतेय का?” हात पदराला पुसून तिने तळवा त्याच्या कपाळावर ठेवला, मग गळ्याला लावून बघितला. हात गार होता. ती घाबरली होती, या खेपेला त्याच्यासाठी. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकले नव्हते; तिला वाटलं, हा माणूस आता पडणार.

‘मला काही झालेलं नाही, मी सकाळबद्दल बोलतोय,’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात होते. तिचा गार तळवा अजून त्याच्या गळ्यावर होता.

“हो,” तो म्हणाला. “जरा कसंतरी होतंय.”

“बघा! मला वाटलंच. चला, आडवे व्हा आधी.” तिने त्याला दंडाला धरून आत नेलं, उशी नीट केली, पायांवर चादर घातली, खिडकीचा पडदा ओढला. ड्रॉवरमधून थर्मामीटर काढला आणि मनगटाने दोन-तीनदा झटकला. “तोंड उघडा,” ती म्हणाली. त्याने उघडलं. “जिभेखाली धरा. आणि आता बोलू नका, मी सांगेपर्यंत.”

त्याने मान हलवली. ती पलंगाच्या कडेला बसून घड्याळाकडे बघू लागली. आपल्याला ताप नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिला ते कळेपर्यंत तरी काही बोलावं लागणार नव्हतं, आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली. पण काचेची नळी त्याने दातांत घट्ट धरून ठेवली.